लॅपटॉप मध्येच बंद पडतो? आधी वही उघडा, मग पाकीट

कष्टकऱ्याच्या घरात लॅपटॉप सहज येत नाही. कुणी पतपेढीचे कर्ज काढतो, कुणाची भिशी लागते, कुणी आईच्या कानातले गहाण ठेवतो. एवढे करूनही बहुतेकदा जो लॅपटॉप येतो तो एखाद्या कंपनीने तीन-चार वर्षे वापरून काढून टाकलेला आणि पुसूनपासून पुन्हा विकायला ठेवलेला असतो. त्यावर घरातली मुलगी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरते, मुलगा स्पर्धा परीक्षेचे सराव पेपर सोडवतो, थोरला टॅली शिकतो. एका लॅपटॉपवर तीन जणांचे भवितव्य असते. आणि असा लॅपटॉप एके दिवशी काम चालू असताना फट्‌दिशी बंद पडतो. स्क्रीन काळी होते, अर्धा भरलेला अर्ज जातो आणि घराच्या तोंडचे पाणी पळते.

मग मुलगा तो पिशवीत घालून दुकान गाठतो. दुकानदार बटण दाबून पाहतो आणि सांगतो, "मदरबोर्ड गेलाय दादा, सहा हजार लागतील." सहा हजार म्हणजे महिन्याचा किराणा. कुणी उसनवारी करून देतो, कुणी लॅपटॉप कपाटावर ठेवून देतो आणि मुलीचा अभ्यास पुन्हा मोबाइलच्या चार बोटांच्या पडद्यावर येतो.

वाचकहो, आम्ही पेशाने कारकून. संध्याकाळी वस्तीतील अभ्यासिकेत बसतो. तेथे असे मध्येच बंद पडणारे बरेच लॅपटॉप आमच्यासमोर आले. त्यावरून एक गोष्ट पक्की सांगता येते. मदरबोर्ड खरोखरच गेलेला असू शकतो, पण तपासणीच्या यादीत त्याचा क्रमांक शेवटचा आहे, पहिला नाही. त्याआधीची बहुतेक कारणे घरच्या घरी, पैसा न घालवता तपासता येतात. त्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही. एक वही, एक पेन आणि तीन-चार दिवसांचा धीर पुरतो.

बंद पडणे हा रोग नव्हे, लक्षण आहे

ताप आला की डॉक्टर विचारतात, कधी आला, किती होता, थंडी वाजली का? लॅपटॉपचेही तसेच आहे. त्याच्या बंद पडण्यामागे ढोबळमानाने चार कारणे असतात. पहिले, तो आतून फार तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो. दुसरे, त्याला वीज नीट मिळत नाही. बॅटरी थकलेली असते, चार्जर खराब असतो किंवा घरातला बोर्ड सैल असतो. तिसरे, त्याच्यातील एखादा प्रोग्राम किंवा सेटिंग त्याला बंद करते. चौथे, आतील एखादा भाग खराब झालेला असतो. या चारांतले कोणते, हे कळल्याशिवाय खर्च करणे म्हणजे आजार न विचारता औषध घेणे होय.

त्याआधी एक खात्री करून घ्यावी. लॅपटॉप बंद झाला की झोपला? स्लीप नावाच्या अवस्थेत स्क्रीन काळी होते, पण बटण दाबताच सगळे काम जिथल्या तिथे परत दिसते. हा बिघाड नव्हे, सेटिंग आहे. झाकण मिटले हे ओळखण्यासाठी बऱ्याच लॅपटॉपमध्ये लोहचुंबकावर चालणारी छोटी योजना असते. मोबाइलच्या कव्हरमधील किंवा हातातल्या कड्यातील चुंबक त्या जागेजवळ आले, तरी लॅपटॉपला झाकण मिटल्यासारखे वाटते आणि तो झोपी जातो. निळी स्क्रीन येऊन लॅपटॉप आपोआप पुन्हा सुरू होत असेल तर तो प्रकार वेगळा. त्याबद्दल पुढे येईलच.

नोंदवही कशी ठेवावी

वहीच्या एका पानावर पाच रकाने आखा. तारीख व वेळ. सुरू केल्यापासून किती मिनिटांनी बंद पडला. त्या वेळी कोणते काम चालू होते. चार्जर लावलेला होता की नाही, आणि बॅटरी किती टक्के दाखवत होती. हात लावल्यावर खालची बाजू गार, कोमट की चटका बसण्याइतकी गरम होती. लॅपटॉप बंद पडला की लगेच हे पाच रकाने भरा. घरात जो वापरत असेल त्याने भरावे. दुसऱ्यावर ढकलू नये.

पाच-सहा नोंदी झाल्या की पान आपोआप बोलू लागते. दर वेळी अर्ध्या-पाऊण तासाने आणि गरम असतानाच बंद पडतो, तर उष्णतेकडे पाहा. चार्जर काढला की बंद पडतो, तर बॅटरीकडे पाहा. चार्जर लावलेला असताना, घरातले दिवे लुकलुकले की बंद पडतो, तर बोर्डाकडे पाहा. दररोज ठराविक वेळीच बंद पडतो, तर सेटिंगकडे पाहा.

लॅपटॉप स्वतःही एक नोंदवही ठेवतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. विंडोजमध्ये खालच्या शोधपट्टीत 'इव्हेंट व्ह्यूअर' असे टाइप करावे. उघडल्यावर 'विंडोज लॉग्ज' आणि त्याखाली 'सिस्टम' निवडावे. आमच्या कचेरीतील आवक-जावक वहीसारखीच ती यादी असते. तिच्यात बंद पडण्याच्या वेळेजवळ १०७४ क्रमांकाची नोंद असेल, तर लॅपटॉप कुणाच्या तरी आज्ञेने रीतसर बंद झाला आहे. ती आज्ञा कोणत्या प्रोग्रामची, हेही तेथे लिहिलेले असते. अनेकदा ते विंडोजचे अपडेट निघते. पुन्हा सुरू केल्यानंतरच्या वेळेला 'कर्नल-पॉवर' ४१ किंवा ६००८ क्रमांकाची नोंद दिसली, तर आधीचे बंद होणे रीतसर नव्हते. ४१ हा क्रमांक कारण सांगत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. "मी नीट बंद झालो नव्हतो" एवढेच तो सांगतो. हा आकडा दाखवून कुणी 'मदरबोर्डच गेला' म्हणू लागला, तर मान्य करू नये.

उष्णता: सर्वांत आधी तपासण्याचे कारण

लॅपटॉपचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. काम करताना तो तापतो. आतील धातूची नळी ती उष्णता पातळ पत्र्यांच्या जाळीकडे नेते आणि छोटा पंखा ती बाहेर फेकतो. बहुतेक प्रोसेसरची सहनशक्ती सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत असते. तेथवर पोहोचताना तो आधी आपला वेग कमी करतो. तरीही उष्णता चढतच राहिली, तर जळण्यापेक्षा बंद होणे पत्करतो. म्हणजे हे बंद पडणे ही त्याची स्वसंरक्षणाची सोय आहे.

आता आपल्या घरांचा विचार करा. कंपन्या साधारणपणे ३५ अंशांपर्यंतच्या हवेत लॅपटॉप वापरावा, असे सांगतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या छपराखाली तर विचारूच नका. त्यात टेबल नसल्याने मुले गादीवर, गोधडीवर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवून अभ्यास करतात. हवा आत घेण्याची भोके खालच्या बाजूला असतात; गोधडीने ती बुजतात. स्वयंपाकाची वाफ, तेलकट धूर, गादीचा कापूस आणि रस्त्याची धूळ मिळून पंखा व जाळी यांच्यामध्ये नमद्यासारखा थर बसतो. मग पंखा कितीही घरघरला तरी हवा जाते कुठे?

उपाय साधे आहेत. लॅपटॉप नेहमी पाटावर किंवा सपाट फळीवर ठेवावा. मागच्या दोन्ही पायांखाली बाटलीची दोन बुचे ठेवली तरी हवा खेळती राहते. उन्हाळ्यात जड काम सकाळी किंवा रात्री करावे. तापलेला लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवू नये आणि त्यावर ओले फडकेही टाकू नये. आत दव धरून होता तोही बिघडेल. आमच्याकडे आलेल्या एका मुलीच्या वहीत सहाही नोंदी 'गरम, व्हिडिओ वर्ग चालू' अशा होत्या. गोधडीऐवजी पाट आला, दुकानातून पंखा साफ करून घेतला, आणि तिचे वर्ग विनाखंड सुरू झाले.

लॅपटॉप चार-पाच वर्षांचा असेल, तर प्रोसेसर आणि धातूची नळी यांच्यामधील उष्णता वाहणारा लेप सुकलेला असू शकतो. त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. पंखा साफ करणे आणि पेस्ट बदलणे हे काम जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे. मदरबोर्ड बदलण्याच्या मानाने हा खर्च किरकोळ असतो. पंखा मुळीच फिरत नसेल, आवाज नाही की गरम हवेचा झोत नाही, तर तो बदलेपर्यंत लॅपटॉप वापरू नये.

बॅटरी: टक्के खोटे बोलतात तेव्हा

"तीस टक्के दाखवत होता आणि बंद पडला," ही तक्रार सर्रास ऐकू येते. लॅपटॉपच्या बॅटऱ्या लिथियम-आयन प्रकारच्या असतात. साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज होऊन उतरल्यावर अशा बॅटरीची साठवण बरीच कमी होते. थकलेल्या बॅटरीवर एकदम भार पडला की तिचा दाब घसरतो. टक्क्यांचा आकडा मात्र जुन्या अंदाजावर तीस दाखवत राहतो.

खरा आकडा पाहण्याची सोय विंडोजमध्येच आहे. शोधपट्टीत 'कमांड प्रॉम्प्ट' टाइप करून ती काळी खिडकी उघडावी. तेथे इंग्रजीत पी, ओ, डब्ल्यू, ई, आर, सी, एफ, जी ही अक्षरे सलग लिहावीत, मग एक जागा सोडावी, मग उजवीकडे झुकलेली तिरपी रेघ आणि तिला जोडून बॅटरी व रिपोर्ट हे दोन शब्द मध्ये जागा न सोडता लिहावेत आणि एंटर दाबावे. अहवाल कोठे साठवला, हे तेथेच दिसते. तो उघडून दोन आकडे वहीत उतरवावेत. 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे नवी असताना बॅटरीत मावणारी वीज, आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आज मावणारी वीज. समजा पहिला आकडा ४८,००० आहे आणि दुसरा १९,२००. दुसऱ्याला पहिल्याने भागून शंभराने गुणले की ४० येतात. म्हणजे बॅटरी चाळीस टक्केच उरली. आकडा निम्म्याच्या खाली असेल आणि वहीतल्या नोंदी 'चार्जर नसताना' अशा असतील, तर दोष बहुधा बॅटरीचा. सेकंडहँड लॅपटॉप घेतानाही दुकानातच हा अहवाल काढायला सांगावे. विकणारा टाळाटाळ करू लागला, तर काय समजायचे ते समजावे.

चार्जर आणि भिंतीवरचा बोर्ड

चार्जरवर बारीक अक्षरांत व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर असेल तर ६५ वॅट. लॅपटॉपला ६५ वॅटचा चार्जर हवा असताना बाजारातून ४५ वॅटचा किंवा हलका नकली आणला, तर जड कामाच्या वेळी वीज पुरत नाही आणि चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरत जाते. व्होल्ट लॅपटॉपवर लिहिल्याप्रमाणेच असावेत. अँपिअर तितकेच किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. शेजाऱ्याकडे त्याच जोडणीचा, तितक्याच व्होल्टचा चार्जर असेल तर तो एक दिवस मागून लावून पाहावा. ही तपासणी फुकट होते.

चांगली बॅटरी हा लॅपटॉपचा आधार असतो. घरातली वीज क्षणभर गेली तरी तो बॅटरीवर तग धरतो. बॅटरी मेलेली असेल, तर डोळ्यांचे पाते लवते न लवते इतक्या वेळची गच्छंतीही त्याला पुरते. एका घरी लॅपटॉप नेमका सकाळी बंद पडे. वहीवरून कळले की त्याच बोर्डवर मिक्सर लावला जाई. बॅटरी आधीच संपलेली, बोर्डाचा सॉकेट सैल, आणि मिक्सरच्या झटक्याने वीज खाली जाई. त्या घराने सॉकेट बदलला आणि बॅटरीसाठी महिनाभर पैसे बाजूला टाकले. मदरबोर्ड ठणठणीत होता.

लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर बोर्डाला अर्थिंग आहे का हे वायरमनकडून पाहून घ्यावे. तीन पिनांच्या चार्जरची तिसरी पिन कापून तो दोन पिनांच्या बोर्डात घुसवू नये.

दोष प्रोग्रामचा की यंत्राचा?

हे ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. लॅपटॉप सुरू होताच, विंडोज येण्याआधी एक कळ दाबली की बायोस नावाचे साधे पान उघडते. बऱ्याच कंपन्यांत ती एफ-२ असते, काहींत एफ-१० किंवा डिलीट. त्या पानावर काहीही न बदलता लॅपटॉप अर्धा-पाऊण तास तसाच ठेवावा. तेथेही बंद पडला, तर विंडोज निर्दोष आहे. दोष उष्णतेचा, विजेचा किंवा आतील भागाचा. तेथे तासभर टिकला आणि विंडोजमध्ये मात्र बंद पडतो, तर प्रोग्राम, व्हायरस किंवा जड कामात चढणारी उष्णता यांचा संशय घ्यावा.

निळी स्क्रीन येत असेल तर तिच्यावरील इंग्रजी शब्द आणि क्रमांक मोबाइलने टिपून ठेवावा. विंडोजमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' नावाची तपासणीही आहे. ती लॅपटॉप पुन्हा सुरू करून मेमरी तपासते. मेमरीची पट्टी सैल झाली असेल, तर काढून नीट बसवल्यावरही काम होते, पण ते कारागिराकडून करावे.

आणखी एक उपाय. लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढावी, आणि सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. मग सगळे जोडून सुरू करावे. साठलेली वीज निघून गेल्याने काही लॅपटॉप एवढ्याने ताळ्यावर येतात.

फुगलेली बॅटरी: येथे धीर नको

वर धीर धरा म्हटले, त्याला एक अपवाद आहे. कीबोर्ड मध्येच उचललेला दिसला, बोटाने फिरवायची पट्टी वर आली, खालचे झाकण फुगले किंवा गोडसर रासायनिक वास आला, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. लॅपटॉप ताबडतोब बंद करून चार्जर काढावा. ती दाबू नये, टोचू नये, मुलांच्या हाती देऊ नये. लिथियम-आयन बॅटरी पेट घेऊ शकते. २००६ साली डेल कंपनीने आगीच्या धोक्यामुळे सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. कंपन्यांवर ही पाळी येते, तेथे आपण खोलीत निजलेल्या लेकरांजवळ अशी बॅटरी चार्जिंगला लावणे बरे नव्हे.

ती कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की ती पेटू शकते, आणि तेथे हात आपल्याच सफाई कामगार बांधवाचा किंवा कचरा वेचणाऱ्या मावशीचा असतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता वेगळी द्यायची असते आणि ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विक्रेत्याला किंवा सेवा केंद्राला ती घ्यायला सांगावे.

दुकानात जाताना

एवढे करूनही दोष सापडला नाही, तर दुकानात जरूर जावे. चांगले कारागीरही पुष्कळ आहेत आणि त्यांना तुमची वही पाहून आनंदच होईल, कारण त्यांचे निम्मे काम झालेले असते. "बंद पडतो" एवढेच न सांगता असे सांगावे: "दादा, चार्जरवर असताना, गार असतानाही, बायोसमध्येसुद्धा वीस मिनिटांत बंद पडतो. बॅटरी अहवालात ऐंशी टक्के आहे. दुसरा चार्जर लावून पाहिला." अशा ग्राहकाला उगाच मदरबोर्डाचे भय घालणे सोपे नसते.

जाण्याआधी आपले कागद, फोटो आणि दाखले पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावेत. काम आणि रक्कम आधी कागदावर लिहून घ्यावी. बदललेला जुना भाग परत मागावा. पक्की पावती आणि दुरुस्तीची हमी घ्यावी. "पावती घेतली तर जास्त पडतील" या बोलण्याला भुलू नये. पैसे घेऊन सदोष सेवा मिळाली, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आपल्या बाजूने आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगात करताना फी लागत नाही. मात्र पावती नसेल तर तेथे काय दाखवणार?

तूर्त, दोष सापडेपर्यंत एक दक्षता घ्यावी. महत्त्वाचा अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नये, आणि लिहिताना दर दहा मिनिटांनी साठवत जावे. पालकांनो, मुलांवर "तूच मोडलास" म्हणून ओरडू नका. ओरडा खाल्लेले मूल पुढच्या वेळी बिघाड लपवते, आणि लपवलेला बिघाड महाग पडतो. त्यापेक्षा त्याच्या हाती वही द्या. पाच रकाने भरायला शिकलेले मूल उद्या विजेचे बिल, रेशनचे माप आणि पगाराची चिठ्ठीही तपासून पाहील.